नागपूरच्या परसबागेत बडीशेप कशी लावावी

बडीशेप हे थंडीचं पीक. पेरल्यापासून दाणा पक्का व्हायला तिला साधारण पाच महिने लागतात आणि नागपूरची थंडी तर होळीच्या आधीच पाय काढते. झाड छान वाढतं, फुलांच्या पिवळ्याधमक छत्र्या येतात, मधमाशा घोंगावतात, आणि मार्चअखेरीस हातात येतो तो पोचट, हलका, भुसकट दाणा. हे टाळायचं तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: पेरणीची तारीख आणि काळ्या मातीतलं पाणी. बाकीची कामं कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, लावणाऱ्या कुणालाही जमतील अशीच आहेत.

आधी नावाचा घोळ मिटवू. विदर्भात बरेच जण बडीशेपेला 'सोप' म्हणतात. इतवारीतल्या किराणा दुकानात 'सोप' मागितली तरी हीच मिळते. शेपूची भाजी मात्र वेगळ्या झाडाची. दोघांची पानं दोऱ्यासारखी बारीक आणि दोघंही एकाच कुळातले, पण शेपूचं पान जरा निळसर असतं, झाड लहान राहतं आणि चुरडल्यावर त्याला शेपूचाच उग्र वास येतो. बडीशेपेचं पान चुरडलं की मुखवासाचा गोड वास येतो. रोपं ओळखताना वासाचाच भरवसा धरा.

तारीख

नागपुरात पेरणीचा काळ १० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. त्यातही २० ऑक्टोबरच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले. तोवर परतीचा पाऊस संपलेला असतो, माती वाफशावर, म्हणजे खणण्याजोग्या बेताच्या ओलीवर, आलेली असते आणि रात्री गार व्हायला लागतात.

सप्टेंबरमध्ये घाई केली तर माती गरम आणि ओली असते, बी कुजतं, उगवलेली रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. नोव्हेंबर संपताना पेरलं तर उगवण झकास होते आणि इथेच माणूस फसतो. कारण त्या झाडाला फुलं फेब्रुवारीच्या शेवटी येतात, दाणा भरायचा काळ मार्चच्या उत्तरार्धात सापडतो आणि तोवर पारा चाळिशीकडे निघालेला असतो. अशा उन्हात फुलं गळतात, दाणा धरला तरी भरत नाही.

२० ऑक्टोबरला पेरलेल्या वाफ्याचा हिशेब असा: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उगवण पूर्ण, नोव्हेंबरअखेर विरळणी, डिसेंबरच्या शेवटी दांडा वर निघतो, जानेवारीच्या मध्यापासून फुलं, फेब्रुवारीच्या शेवटी खाण्याजोगा हिरवा दाणा आणि मार्चच्या मध्यापासून पक्का दाणा.

गुजरातमध्ये बरेच शेतकरी जून-जुलैत रोपं टाकून ऑगस्टमध्ये लावणी करतात. ते पाहून इथेही पावसाळ्यात लावायचा मोह होतो. पण तिकडची माती हलकी, पाऊस कमी. नागपूरच्या पावसात काळ्या मातीत महिना-दीड महिना पाय ओले राहिले की बडीशेपेचं सोटमूळ सडतं. आपल्याकडे रब्बीतच लावायची.

बी कुठलं घ्यायचं

स्वयंपाकघरातली बडीशेप पेरून चालते का, हा नेहमीचा प्रश्न. जाड, करड्या-हिरव्या रंगाची, मसाल्याची बडीशेप बहुधा उगवते. बारीक, हिरवीगार 'लखनवी' उगवेलच असं नाही, कारण ती दाणा अर्धाच वाढलेला असताना तोडून सावलीत वाळवलेली असते. आतला कोंब तयारच झालेला नसतो. भाजलेली किंवा साखर चढवलेली तर सोडूनच द्या.

शंका असेल तर सप्टेंबरअखेर २० दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, वाटीत झाकून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा आणि फडकं सुकू देऊ नका. दहा-बारा दिवसांत १२ किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर ते बी पेरायचं, आठच्या खाली आले तर दुसरं आणायचं.

विकत घेणार असाल तर पाकिटावर वाणाचं नाव पाहा. 'गुजरात फेनेल' मालिकेतले वाण भरघोस असतात, पण त्यांतले काही उशिरा येतात. राजस्थानातल्या जोबनेरच्या कृषी महाविद्यालयाचा 'आर.एफ. १२५' बुटका आणि लवकर तयार होणारा आहे. नागपूरच्या आखूड थंडीला आणि गच्चीवरच्या कुंडीला असा वाण जास्त सोयीचा. पाकिटातल्या बियाण्याला गुलाबी किंवा निळसर पूड लागलेली असेल तर ते औषध लावलेलं बी आहे. उरलं तरी खाण्यात जाता कामा नये.

३ फूट रुंद आणि ८ फूट लांब वाफ्याला अर्धा चमचा बी पुरून उरतं.

माती आणि वाफा

नागपूरची काळी भारी माती बडीशेपेला वाईट नाही. थोडी चुनखडीची जमीनही ती सहन करते. अडचण आहे ती पाणी धरून ठेवण्याची आणि सुकल्यावर भेगा पडण्याची. पुष्कळ जण यावर दोन-चार घमेली वाळू टाकतात. तेवढ्या वाळूनं काळ्या मातीचा स्वभाव बदलत नाही, उलट माती घट्ट बसते. त्यापेक्षा वाफा उंच करा आणि शेणखत भरपूर घाला.

३ × ८ फुटांच्या वाफ्यासाठी दसऱ्याच्या आधी एक दिवस राखून ठेवा. माती ओली असेल तर हात लावू नका. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा सहज फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर अजून दोन-तीन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत खणलं की ढेकळं होतात आणि ती पुढे महिनाभर फुटत नाहीत.

वाफसा आल्यावर एक फूट खोल खणा, दगड आणि जुन्या मुळ्या काढा. बडीशेपेचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, आडवं काही आलं तर झाड खुरटतं. मग तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक किलो निंबोळी पेंड आणि असल्यास ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर शेणखतात कालवून मिसळा. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ६ ते ८ इंच उंच करून माथा सपाट करा. कच्चं शेण घालू नका, त्यानं हुमणी आणि वाळवी येते.

जागा अशी हवी की दिवसाचे सहा तास तरी ऊन लागेल. वाफ्याच्या दक्षिणेला उंच भिंत नको, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि अख्खा वाफा सावलीत राहतो. झाडं चार-पाच फूट होतात, म्हणून बाकी भाज्यांच्या उत्तरेला लावा, नाहीतर पालक-मेथी तिच्या सावलीत पडेल. मागच्या वर्षी जिथे सांबार, शेपू किंवा गाजर होतं, ती जागा टाळा. एकाच कुळाची पिकं असल्यानं रोग मातीत वाट बघत असतात.

कुंडीत लावायची असेल तर

कुंडी किमान १४ इंच खोल हवी, १६ असेल तर उत्तम. सांबारासाठी वापरतो ते उथळ ट्रे इथे उपयोगाचे नाहीत. मिश्रण मापानं: चार भाग माती, तीन भाग कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. १६ इंची कुंडीत दोन झाडं, फार तर तीन. कुंडी विटांवर ठेवा म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं आणि स्लॅबची धग थेट लागत नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर गच्चीवरची कुंडी दुपारी तापते, तेव्हा ती पूर्वेच्या बाजूला सरकवा किंवा दुपारपुरती हिरवी जाळी बांधा.

पेरणी

बी रात्रभर, ८ ते १० तास, पाण्यात भिजवा. सकाळी निथळून सावलीत तासभर पसरा, म्हणजे हाताला चिकटत नाही. बडीशेपेचा प्रत्येक दाणा दोन अर्ध्यांचा जोड असतो. हलक्या हातानं चोळून ते वेगळे केले तर एका जागी दोन कोंब येण्याचं प्रमाण कमी होतं. जोर लावला तर मात्र बी चेपतं.

वाफ्यावर लांबीच्या दिशेनं दोन ओळी आखा, दोन ओळींत दीड फूट अंतर. प्रत्येक ओळीत ९ इंचांवर अर्धा इंच खोल खळगा करा, त्यात दोन-तीन दाणे टाका. आता महत्त्वाचं: खळगा काळ्या मातीनं बुजवू नका. पहिल्याच पाण्यानंतर काळ्या मातीवर कडक पापुद्रा धरतो आणि बडीशेपेच्या नाजूक कोंबाला तो फोडता येत नाही. पंधरा दिवस वाट पाहून 'बी खराब निघालं' असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा कोंब त्या पापुद्र्याखाली वाकून मेलेला असतो. खळगे चाळलेल्या कंपोस्टनं, किंवा कंपोस्ट आणि वाळूच्या अर्ध्याअर्ध्या मिश्रणानं बुजवा.

झारीनं हलकं पाणी द्या आणि वर वाळलेल्या गवताचा विरळ थर टाका. आठ ते चौदा दिवसांत उगवण होते. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गवत काढून घ्या.

रोपं ट्रेमध्ये करून लावता येतात, पण सोटमुळाला धक्का बसला की झाड दहा-बारा दिवस रुसतं, आणि आपल्याकडे तेवढे दिवस वाया घालवायला नाहीत. जागेवरच पेरणं चांगलं.

गाजरगवत की बडीशेप

कोंब वर आला की पहिली दोन पानं लांबट, गवताच्या पात्यासारखी असतात. तिसरं पान फाटे फुटलेलं, दोऱ्यासारखं निघतं. याच सुमारास वाफ्यात गाजरगवतही उगवतं आणि त्याचंही पान कातरलेलं दिसतं. फरक असा की गाजरगवताचं पान रुंद, लवदार, जमिनीला चिकटून गोल पसरतं. बडीशेपेचं पान गुळगुळीत, उभं आणि इतकं बारीक की त्यातून पलीकडची माती दिसते. गाजरगवत हातमोजे घालून मुळासकट उपटा, त्यानं त्वचेला खाज येते.

रोपं ४ इंचांची झाली की विरळणी करायची. एका जागी एकच, सगळ्यात सशक्त रोप ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटताना ठेवलेल्या रोपाचं मूळही हलतं. कापलेली रोपं वरणात किंवा ताकात घाला, वास फार छान येतो. विरळणी करताना जीव तुटतो हे खरं, पण दाटीतली झाडं काडीसारखी उंच होतात, हवा खेळत नाही आणि पुढे भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते.

पहिले ४५ दिवस बडीशेप संथ वाढते. तेवढ्या काळात दोन वेळा निंदण आणि खुरप्यानं वरचा एक इंच थर मोकळा करणं पुरतं. खोल खुरपू नका.

पाणी आणि खत

उगवण होईपर्यंत वरचा थर ओलसर राहायला हवा, म्हणजे रोज सकाळी झारीचं हलकं पाणी. त्यानंतर हात आखडता घ्या. काळ्या मातीच्या वाफ्याला डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर पाणी पुरतं. ठरलेल्या वारावर विसंबू नका. दोन इंच खोल बोट घाला, तिथे ओल लागली तर पाणी नको. जमिनीला बारीक भेगा दिसू लागल्या तर मात्र उशीर झाला, कारण भेगांबरोबर बारीक मुळ्याही तुटतात. वाळलेल्या पानांचं दोन इंच आच्छादन टाकलं की भेगा पडत नाहीत. कुंडीला हिवाळ्यात दिवसाआड आणि फेब्रुवारीपासून रोज पाणी लागतं.

खालची पानं पिवळी पडली की आपण आणखी पाणी देतो. भारी जमिनीत याचं कारण बहुतेक वेळा जास्त पाणी हेच असतं. आधी बोट घालून बघा.

फुलं यायला लागल्यापासून दाणा भरेपर्यंत पाण्याचा खंड पडू देऊ नका. या दिवसांत एकदा जरी झाड कोमेजलं तरी दाणा बारीक राहतो. पाणी बुडाशी द्या, फुलांवर नाही.

खत दोनदाच: पेरणीनंतर ३० दिवसांनी आणि ६० दिवसांनी, दर झाडाला दोन मुठी गांडूळखत, बुडापासून चार इंच दूर गोलाकार टाकून वर मातीची भर. युरियाचा मोह आवरा. नत्र जास्त झालं की झाड पानांनी फुगतं, मऊ पडतं आणि त्यावर माव्याची, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडींची, चंगळ होते. दुसऱ्या भरीच्या वेळीच प्रत्येक झाडाशेजारी चार फुटी बांबूची कामटी रोवा आणि सुतळी सैल आठच्या आकड्यात बांधा. छत्र्या जड झाल्यावर वारा आला तर विनाआधाराचं झाड बुडातून मोडतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात वादळी पाऊस व गारपीट काही नवी नाही.

मावा, भुरी आणि मर

बडीशेपेचा खरा शत्रू मावा. जानेवारीत दोन-तीन दिवस आभाळ आलं, धुकं पडलं की तो हमखास दिसतो. पहिली खूण मावा नसते, मुंग्या असतात. दांड्यावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की छत्रीच्या देठांची खालची बाजू उलटून बघा. तिथे हिरवट किंवा काळपट, मोहरीएवढे मऊ किडे दाटीनं चिकटलेले सापडतील. ते रस शोषतात, चिकट गोड पाणी टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि दाणा भरत नाही.

थोडा मावा असेल तर सकाळी पाण्याचा जोराचा फवारा देठांवर मारून पाडा, सलग तीन दिवस. जास्त असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली पातळ साबण नीट घुसळून संध्याकाळी फवारा, सहा-सात दिवसांनी पुन्हा. निंबोळ्या घरी असतील तर ५० ग्रॅम जाडसर भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून तोच अर्क वापरा. उमललेल्या फुलांवर सकाळी काहीही फवारू नका. बडीशेपेत दाणा धरतो तो मुख्यतः मधमाश्यांच्या आणि इतर कीटकांच्या येण्याजाण्यामुळे, आणि त्यांची वर्दळ दिवसाच असते. माव्यामध्ये काळे, नारिंगी ठिपक्यांचे, इवल्याशा मगरीसारखे दिसणारे किडे आढळले तर त्यांना मारू नका. ती ढालकिड्याची पिल्लं आहेत आणि मावा हेच त्यांचं जेवण आहे.

पानांवर पिठासारखा पांढरा थर आला तर ती भुरी. दाटीची पानं काढा आणि पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. दुपारचं ऊन ३२ अंशांच्या वर जायला लागल्यावर गंधक वापरू नका, पानं करपतात. तोडणीला दोन आठवडे उरले असतील तर कुठलाच फवारा नको, साधं पाणी तेवढं मारा.

उभं झाड एकाएकी मान टाकत असेल आणि ओढल्यावर सहज हातात येत असेल तर ती मर, म्हणजे मूळ कुजलं आहे. त्यावर उपाय नाही. झाड मातीसकट काढून टाका आणि बाकीच्यांचं पाणी कमी करा.

गड्ड्याची बडीशेप

फ्लोरेन्स बडीशेप हा वेगळा प्रकार. तिचा बुडाशी फुगलेला पांढरा गड्डा कोशिंबिरीसारखा कच्चा खातात किंवा भाजतात. तिला ८० ते १०० दिवस लागतात, म्हणजे नागपूरच्या थंडीत ती दाण्याच्या बडीशेपेपेक्षा सहज बसते. पेरणी त्याच तारखांना, अंतर १० इंच. पाण्यात मात्र लाड करावे लागतात: माती एकदा कडक सुकली की ती गड्डा सोडून थेट फुलावर जाते आणि मग गड्डा दोरीसारखा चिवट होतो. बुड कोंबडीच्या अंड्याएवढं झालं की अर्ध्यापर्यंत माती चढवा, त्यानं गड्डा पांढरा आणि कोवळा राहतो. मुठीएवढा झाला की जमिनीच्या किंचित वर कापा. जानेवारीअखेर सगळे गड्डे काढून घ्या.

तोडणी, वाळवण, साठवण

सगळ्या छत्र्या एकदम तयार होत नाहीत. मधली मोठी छत्री आधी, मग बाजूच्या. म्हणून झाड एकदम कापायचं नाही, दर आठ-दहा दिवसांनी तयार छत्र्या तेवढ्या कात्रीनं काढायच्या. असे चार-पाच तोडे होतात.

कधी काढायचं हे कशासाठी हवं त्यावर ठरतं. मुखवासासाठी फुलं झडल्यावर ३० ते ४० दिवसांनी, दाणा हिरवा असताना. एक दाणा दाताखाली धरून पाहा: रसाळ, गोड आणि चोथा न राहणारा असेल तर तीच वेळ. चोथा राहायला लागला तर मुखवासाची वेळ गेली, तो मसाल्याला ठेवा. मसाल्याचा दाणा पूर्ण भरलेला, रेघा ठळक आणि रंग हिरव्यावरून पिवळसर करड्याकडे झुकलेला हवा. पूर्ण तपकिरी होईपर्यंत थांबलं तर दाणे वाफ्यातच गळतात.

नागपूरचं मार्चचं ऊन दाण्याचा हिरवा रंग आणि वास दोन्ही उडवतं. छत्र्या घरात, पंख्याच्या वाऱ्यात, सुती कापडावर एकेरी थरात पसरा. सात-आठ दिवसांत दाणा दाबल्यावर कट्कन तुटायला लागतो. मग हातानं चोळून मोकळा करा, सुपात पाखडा आणि शेवटी तासभर कोवळ्या उन्हात ठेवा. गार झाल्यावरच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. जराशी ओल राहिली तर बुरशी येते, आणि झाकण सैल राहिलं तर पावसाळ्यात बारीक तपकिरी भुंगे होतात.

वीस-बावीस झाडांच्या नीट सांभाळलेल्या वाफ्यातून पाव किलोच्या आसपास वाळलेली बडीशेप मिळते.

पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी सगळ्यात निरोगी, लवकर फुललेल्या दोन झाडांना आधीच लाल दोरा बांधून ठेवा आणि त्यांची मधली छत्री मुखवासाला तोडू नका. ती झाडावरच पिवळसर होऊ द्या, वर मलमलची पिशवी बांधा म्हणजे गळलेला दाणा त्यातच पडतो. हे बी कागदी पाकिटात, तारीख लिहून, घरातल्या सगळ्यात गार आणि कोरड्या कपाटात ठेवा. दोन वर्षं चांगलं उगवतं. तोडणीनंतरची झाडं छाटून उन्हाळा काढायचा प्रयत्न करता येतो, पण मे महिन्याच्या ४५ अंशांत रोज पाणी आणि सावली देऊन जी वाचतात ती जुलैच्या पावसात कुजतात. एप्रिलमध्ये झाडं काढा, दांडे बारीक करून कंपोस्टमध्ये टाका आणि त्या वाफ्यात चवळी किंवा गवार लावा.